आढ्यावर लिहिलंय का?

आमच्या शाळेच्या आढ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. कौलं होती, कौलांखाली वासे होते, आणि एका वाशाला कुठल्या तरी पंधरा ऑगस्टच्या पताकांची सुतळी वर्षानुवर्षं लोंबत होती. तरी चौथी होईपर्यंत रोज कुणीतरी हे ऐकायचंच: "वर काय बघतोयस? आढ्यावर लिहिलंय का उत्तर?" हे विचारणाऱ्या बाई म्हणजे माझी आई. सातारा जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, एका खोलीत दोन इयत्ता, आणि मला घरी 'आई' नि शाळेचा उंबरा ओलांडला की 'बाई' म्हणायची ताकीद. सतरा नव्वे किती, असं विचारलं की माझीही मान आपोआप वर जायची. उत्तर आढ्यावर नसायचंच, पण बाईंच्या तोंडावर तर त्याहून नसायचं.

हे सगळं मला तीस वर्षांनी आठवलं ते इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका खोलीत, डोळ्यांवर विचित्र चष्मा चढवून बसलेली असताना. वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लागली होती. दोन अनोळखी माणसांनी समोरासमोर बसून गप्पा मारायच्या, विद्यापीठातली मंडळी त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवणार, तासाभराचं काम, दहा पौंडांचं कूपन. नवीन गावात बोलायला कुणी नव्हतं. बोलायचे पैसे मिळत असतील तर का सोडा?

पहिली अडचण आली काजळाची. तिथल्या संशोधक मुलीनं अवघडत, तीन वेळा माफी मागत, ओल्या रुमालाचं पाकीट पुढे केलं. त्या चष्म्याच्या कडेला बारीक दिवे असतात. त्यांतून अवरक्त किरण निघतात, ते आपल्याला दिसत नाहीत. त्यांचा एक ठिपका डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर चमकतो. छोटे कॅमेरे दोन गोष्टी टिपत राहतात: हा चमकता ठिपका आणि डोळ्यातली काळी बाहुली. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतो. दोघांमधल्या अंतरावरून नजर कुठे आहे याचं गणित मांडलं जातं. या गणितात काजळाची रेघ म्हणजे घुसखोर, कारण यंत्राला तीही काळी दिसते नि ते तिलाच बाहुली समजून बसतं. गंमत म्हणजे आपली तपकिरी बुबुळं मात्र त्या उजेडात फिकट राखाडी दिसतात आणि बाहुली त्यावर छान उठून दिसते. "तुमचे डोळे आमच्या यंत्राला आवडतील," असं ती म्हणाली. इतकी वर्षं काजळ घालून एवढी दाद कुणी दिली नव्हती.

मग तिनं हाताच्या अंतरावर एक पुठ्ठा धरला, मधोमध काळं वर्तुळ. त्याच्याकडे क्षणभर बघायचं, की यंत्र जुळलं. समोर माझ्यासारखाच चष्मा लावलेल्या एक साठीच्या बाई येऊन बसल्या. आम्ही बोललो. हवा, बागकाम, मुलं, माझं गाव. संपल्यावर कूपन घेऊन मी घरी आले.

गोष्ट तिथेच संपली असती. पण दोन महिन्यांनी त्याच मुलीची मेल आली. चित्रफितींवर खुणा करायला तासावर माणूस हवंय, जमेल का? जमलं. पुढचे काही महिने मी तेच केलं.

हे काम कसं असतं ते सांगायला हवं, कारण 'यंत्रानं नजर मोजली' असं वाचलं की वाटतं, बटण दाबलं नि आकडा आला. चष्म्यावरचा पुढचा कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि त्यावर एक लाल वर्तुळ नाचत असतं: त्या क्षणी त्या माणसाची नजर इथे होती. मी प्रत्येक चित्र थांबवून ठरवायचं, हे वर्तुळ डोळ्यांवर आहे, नाकावर, तोंडावर, हातांवर, की भलतीकडे. सेकंदाला पंचवीस चित्रं धरली तरी चार मिनिटांच्या गप्पांची सहा हजार होतात, आणि माणसं दोन. आता यातलं बरंच काम संगणक करतो, पण त्यानं केलेलं बरोबर आहे का, हे तपासायला पुन्हा माणूस लागतोच. शिवाय यंत्राची चूक एखाद्या अंशाची तरी असते. समोरचा माणूस मीटरभर लांब असेल तर एक अंश म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर. डोळ्यावरचं वर्तुळ भुवईवर जायला तेवढं पुरतं. माणसानं मान हलवली, चष्मा घसरला, हसताना गाल वर आले, की वर्तुळ घसरलंच. त्यामुळे 'तो तिच्या डोळ्यांत बघत होता' हे वाक्य कादंबरीत लिहिणं सोपं आहे. चित्रफितीवर लिहिताना हात अडखळतो.

आणि डोळा तरी एका जागी असतो कुठे? आपल्याला वाटतं आपण सगळं एकसंध बघतो. खरं तर स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम हात लांब केल्यावर दिसणाऱ्या अंगठ्याच्या नखाएवढा. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत फिरतो, लाल डब्यासारखा: थांबा, धक्का, थांबा, धक्का. बघण्याचं काम थांब्यावर होतं. उडी चालू असताना मेंदू जवळजवळ पडदा पाडतो. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभं राहून आपल्या डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे बघा. डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला विचारा, त्याला दिसतील.

या उड्या पकडायला माणसांनी काय काय सोसलं आहे! १८९८च्या सुमाराला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठात एडमंड ह्यूईनं डोळा बधिर करून त्यावर प्लास्टरची वाटी बसवली. बाहुलीपुरतं मधे भोक, आणि वाटीला जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची हलकी काडी. माणूस वाचायला लागला की काडी हलायची आणि काजळी धरलेल्या, फिरत्या कागदावर रेघ ओढली जायची. मला हे वाचून बरं वाटलं. या शास्त्रानं माझं काजळ पुसलं खरं, पण त्याचा श्रीगणेशा काजळीवरच झालाय. पुढे मॉस्कोत आल्फ्रेड यारबुसनं डोळ्याला चिकटणारी चिमुकली टोपी बनवली आणि इल्या रेपिनच्या एका चित्रासमोर माणसं बसवली. हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक दारात उभा आहे, घरातले थक्क झालेत, असं ते चित्र. नुसतं बघा म्हटलं तर नजर एका तऱ्हेनं फिरे. या लोकांची वयं ओळखा म्हटलं की ती चेहऱ्यांवर खिळे, घरची सांपत्तिक स्थिती सांगा म्हटलं की कपड्यांवर नि खुर्च्या-टेबलांवर. चित्र तेच, डोळे तेच, प्रश्न बदलला की वाट बदलली.

पण चित्र उलटून आपल्याकडे बघत नाही. माणूस बघतो, आणि तिथून सगळं अवघड होतं. कॅनडात व्हँकूव्हरच्या विद्यापीठात २०११ साली एक साधा प्रयोग झाला. वाट बघायच्या खोलीत बसवलेल्या लोकांसोबत कधी तिथेच बसलेलं दुसरं माणूस असे, कधी नुसती त्याच माणसाची पडद्यावर चित्रफीत. पडद्यावरच्याकडे लोक खुशाल बघत. जिवंत माणसाकडे मात्र फारसं बघतच नसत. एसटी स्टँडवर बसलेल्या कुणालाही हे माहीत आहे. बघितलं की बघितल्याचं दिसतं. कानाडोळा हा शब्द आपण उगाच नाही केला.

माझ्या कामातला सर्वांत गुंतवणारा भाग म्हणजे पाळी. बोलण्याची पाळी. दोघांपैकी कुणी कधी बोलायचं हे कुणी ठरवलेलं नसतं, तरी गाडी रुळावरून घसरत नाही. १९६७ साली अ‍ॅडम केंडननं ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांच्या गप्पांचं चित्रण एकेक चित्र थांबवून तपासलं. तेव्हा असले चष्मे नव्हते, नुसत्या डोळ्यांनी. त्याला दिसलं की ऐकणारा बोलणाऱ्याकडे टक लावून, लांब लांब बघतो. बोलणारा मात्र लांबलचक काही सांगायला लागला की नजर काढून घेतो आणि वाक्य संपत आलं की परत आणतो. झालं माझं, आता तुझं. २०१५ साली चष्मे लावून, शब्द ओळखायचे खेळ खेळायला लावून हेच पुन्हा तपासलं गेलं आणि तसंच निघालं: बोलणारा समोरच्याकडे बघत संपवतो, आणि ज्याची पाळी आली तो नजर दुसरीकडे नेत सुरू करतो.

हे एकदा कळलं की चित्रफीत आवाज बंद करूनही वाचता येते. लाल वर्तुळ चेहऱ्यावरून निसटून खिडकीकडे गेलं की मी समजायची, आता हा माणूस काहीतरी मोठं सांगणार. खिडकीबाहेर काहीही नसायचं. विटांची भिंत.

आणि इथे मला माझा जुना सल आठवला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, पुण्यात, एका कंपनीच्या मुलाखतीत मी पडले. कारण असं कळलं: 'उत्तरं ठीक. आय कॉन्टॅक्ट कमी. आत्मविश्वासाचा अभाव.' घरी काय शिकवलं होतं? मोठ्यांशी बोलताना नजर खाली. डोळ्याला डोळा भिडवणारी मुलगी म्हणजे आगाऊ. शाळेत काय शिकवलं होतं? इकडे माझ्याकडे बघून उत्तर दे. मुलाखतीत तिघे साहेब टक लावून बघत होते आणि त्यांच्या प्रश्नाचा विचार करायला माझी नजर दोन सेकंद टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे गेली, एवढाच गुन्हा.

तर या गुन्ह्याबद्दल असं आहे. २०१६ मध्ये क्योतोच्या दोन संशोधकांनी लोकांना शब्द दिले नि त्यांना जोडून क्रियापद सुचवायला सांगितलं. समोर पडद्यावर एक चेहरा. तो थेट डोळ्यांत बघणारा असला की अवघड शब्द सुचायला जास्त वेळ लागायचा. नजर भिडवणं आणि शब्द शोधणं, दोन्ही एकाच चुलीवर शिजतात, असा त्यांचा एकूण निष्कर्ष. त्याच्या आधीच स्कॉटलंडात स्टर्लिंगला ग्वेनेथ डोहर्टी-स्नेडन नि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलं तपासली होती. आठेक वर्षांची मुलं अवघड प्रश्न आला की नजर वळवतात. पाच वर्षांच्यांना हे अजून फारसं जमत नसतं. मग त्यांनी पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना दुसरीकडे बघायला मुद्दाम शिकवलं, तर मुलांची उत्तरं सुधारली. म्हणजे आढ्याकडे बघणं ही शिकायची गोष्ट आहे, मोडायची नाही. हे वाचलं तेव्हा माझी पहिली इच्छा झाली, आईला फोन करून भांडायची.

मुलाखतीच्या आधी कॉलेजनं आम्हाला व्यक्तिमत्त्व विकासाचे एक सर आणले होते. त्यांनी युक्ती सांगितली होती: डोळ्यांत बघायला भीती वाटत असेल तर दोन भुवयांच्या मधे, टिकली लावतात तिथे बघा, समोरच्याला कळत नाही. आम्ही मुली खूप हसलो होतो. सर बरोबर होते. ऑस्ट्रेलियात पर्थला शेन रॉजर्स यांच्या गटानं दोघांनाही चष्मे लावून चार-चार मिनिटांच्या गप्पा मोजल्या, २०१८ साली. दोघेही एकाच वेळी एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघताहेत, असा वेळ साधारण साठ टक्के भरला, एका वेळी सव्वादोनेक सेकंद. पण दोघेही एकमेकांच्या डोळ्यांत? तो एकेक क्षण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. काही जोड्यांत हे जवळजवळ घडलंच नाही, काहींत पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत घडलं. माणसामाणसांत फरक एवढा, की 'योग्य आय कॉन्टॅक्ट' नावाचं माप कुठल्या दुकानात मिळतं, हे त्या तिघा साहेबांना विचारावंसं वाटतं. पुढच्याच वर्षी याच गटानं दाखवलं, की बोलणारा डोळ्यांकडे बघतोय की तोंडाकडे, हे समोरच्याला ओळखूच येत नाही. चेहऱ्याकडे बघितलं की झालं. नजरानजर झाली असं दोघांना वाटतं, आणि प्रत्यक्षात एकजण नाकावर असतो, दुसरा हनुवटीवर.

मग ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची खरी भेट कशासाठी? अमेरिकेत डार्टमथला २०२१ साली सोफी वोल्टजेन आणि थालिया व्हीटली यांनी गप्पा मारणाऱ्या दोघांच्या बाहुल्या मोजल्या. लक्ष लागलं की बाहुली किंचित मोठी होते, ढळलं की लहान. गप्पा रंगल्या की दोघांच्या बाहुल्या बरोबरीनं लहानमोठ्या होऊ लागतात. ही बरोबरी शिगेला पोचते तेव्हाच नजरानजर होते आणि त्या क्षणापासून उतरायला लागते. नजर सुटली की पुन्हा चढायला लागते. मला हे विलक्षण वाटलं. जुळलं, हे पटवून घ्यायला बघायचं, आणि नवीन काही आणायला पुन्हा आपापल्या वाटेनं निघायचं. विहिरीवर कळशी भरली की निघतात, तसं.

एक तक्रार मात्र नोंदवते. दोन खुर्च्या, समोरासमोर, हातात काही नाही, मधे रिकामं टेबल: असं बसून आयुष्यात कोण बोलतं? वकील बोलतात, डॉक्टर, आणि मुलगी बघायला आलेले. बाकी जग हात चालवत बोलतं. मायकल आर्गाइलनं १९७६ सालीच हे दाखवून दिलं होतं. दोघांना युरोपातल्या सहलीचा बेत करायला बसवलं तर ते सुमारे सत्त्याहत्तर टक्के वेळ एकमेकांकडे बघत होते. मधे नकाशा ठेवल्यावर? सहा टक्के. बेत तोच. म्हणजे मधे काहीतरी ठेवायचा अवकाश, की माणसं एकमेकांना बघायची सोडतात आणि एकत्र बघायला लागतात.

माझ्या आयुष्यातलं महत्त्वाचं बहुतेक बोलणं अशा नकाशांवरच झालंय. आईनं मला तिच्या पहिल्या बदलीचं दुःख सांगितलं ते तांदूळ निवडताना. मी लग्नाचं सांगितलं ते मेथी निवडताना, आणि ती पानं खुडत राहिली म्हणून मला पुढचं बोलता आलं. तिनं मान वर करून बघितलं असतं तर वाक्य तिथेच अडकलं असतं.

उलट एक शब्दही न बोलता सगळं सांगणारी नजरही तिचीच. पाहुण्यांसमोर दुसऱ्या लाडवाला हात गेला की स्वयंपाकघराच्या दारातून येणारी. माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग इतका उघडा असतो म्हणून नजरेची दिशा लांबून कळते, असं जपानच्या कोबायाशी आणि कोशिमा यांनी १९९७ मध्ये मांडलं. माकडांत हा भाग बहुधा गडद असतो. अलीकडे यावर वाद आहेत, माकडांतही फिक्या डोळ्यांची बरीच निघालीत. वाद चालू दे. आमच्या घरात लाडू परत डब्यात जायचा.

आता व्हिडिओ कॉलवर आई फोन गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि निवडत बसते. पूर्वी मी चिडायचे, "आई, इकडे बघ ना जरा." ती बघायची तेव्हाही माझ्या गळ्याकडे बघितल्यासारखी दिसायची, कारण कॅमेरा वर आणि चेहरा खाली. ही अडचण प्रयोगशाळांनाही येते. नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला त्यांनी पडद्यापुढे अर्धपारदर्शक आरसा बसवून कॅमेरा नेमका समोरच्याच्या डोळ्यांमागे येईल असं केलंय. मधे अंतरपाट धरल्यासारखा आरसा, आणि नजर मात्र आरपार.

काम शिकताना सरावासाठी मला माझंच चित्रण दिलं होतं, समोरच्या बाईंच्या परवानगीनं. स्वतःच्या नजरेतून पुन्हा बघणं हा काही फार सुखाचा प्रकार नाही. मला आठवत होतं की मी छान, मोकळं बोलले. त्यांनी विचारलं, "घरचं काय आठवतं?" मी लगेच काहीतरी बोलले, पाऊस वगैरे. चित्रफितीत दिसतं की मी लगेच बोलले नाही. माझं लाल वर्तुळ त्यांच्या चेहऱ्यावरून सुटलं, भिंतीवरून चढलं आणि छतावरच्या, धूर ओळखणाऱ्या गोल पांढऱ्या यंत्रावर जाऊन बसलं. त्या छताला वासे नव्हते, सुतळी नव्हती. मग मी त्यांची चित्रफीत लावली, त्याच क्षणाची. त्यांचं वर्तुळ माझ्या चेहऱ्यावर होतं. नाक, डोळा, तोंड, पुन्हा डोळा. मी छताकडे बघत होते तेवढा सगळा वेळ त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मी खाली आले, आणि मी पोचायच्या आत त्यांची नजर टेबलावरच्या कपाकडे गेली. ती दोन चित्रणं शेजारी शेजारी लावून बघणारी मीच पहिली. त्यांनाही हे माहीत नसणार.

त्या रविवारी आईला सगळं सांगितलं. यंत्र, काजळ, छत, आणि शेवटी, जरा तावातावानं, स्कॉटलंडची मुलं. ती मेथी निवडत होती.

"हे काय नवीन?" ती म्हणाली. "ज्याला काहीच येत नाही तो वर बघत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघतो, काही कळतंय का म्हणून. नाहीतर शेजारच्याच्या पाटीत. आढ्याकडे बघतो त्याला अर्धं येत असतं."

"अगं, मग ओरडायचीस कशाला?"

तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "एका खोलीत बावन्न पोरं गं. एकानं वर बघितलं की सगळी वर बघायची. साप निघाला म्हणायची."

"काहीतरीच."

"काहीतरीच काय? निघाला होता की एकदा. धामण. तू दुसरीत होतीस, तूच तर पहिल्यांदा बघितलीस. आठवत नाही?"

मला काही केल्या आठवेना. आईनं दुसऱ्या जुडीची सुतळी सोडली.